मुतखडा: थांबावं, फोडावा की काढावा? कोकणातल्या रुग्णासाठी पायरी पायरीने

सोनोग्राफीचा कागद हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, लेझर करायचं की औषधाने पडेल?" याचं उत्तर चार गोष्टींवर ठरतं. खडा केवढा आहे, कुठे आहे, किती कठीण आहे आणि त्याच्यामागे किडनीची अवस्था काय आहे. आपल्याकडे पाचवी गोष्ट धरावीच लागते, ती म्हणजे अंतर. देवगड, गुहागर किंवा श्रीवर्धनच्या माणसाला मूत्ररोगतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेक वेळा घाट चढून कोल्हापूर-कऱ्हाडला, नाही तर मुंबईला किंवा गोव्याला जावं लागतं. ज्या उपचाराला तीन-तीन फेऱ्या लागतात, तो मुंबईत राहणाऱ्याला सोपा असेल, मिठबावात राहणाऱ्याला नाही. म्हणून पुढचं सगळं मी त्या अंतराचा हिशेब धरूनच लिहितो आहे.

कळ आली त्या रात्री

मुतखड्याची कळ कमरेच्या वर, बरगड्यांच्या खाली एका बाजूला सुरू होते आणि पुढे जांघेकडे उतरते. पुरुषांत ती अंडकोषापर्यंत जाते. माणूस एका जागी पडून राहत नाही. उठतो, बसतो, गुडघ्यांवर वाकतो, परत फेऱ्या मारतो. सोबत मळमळ, उलटी, कधी लालसर लघवी. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला असेल तर थेंब थेंब लघवी आणि सारखी घाई. अपेंडिक्सचा रुग्ण मात्र हलायला घाबरतो, निपचित पडून असतो. हा फरक घरच्यांनाही ओळखता येतो, पण त्यावर विसंबून निदान करू नये. तरुण मुलाचा एक अंडकोष अचानक दुखून सुजला असेल, बाईची पाळी चुकलेली असेल किंवा साठीच्या पुढच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली असेल, तर "मुतखडाच असणार" म्हणून घरी थांबू नये.

कळ थांबवायला डायक्लोफिनॅकसारखं सूज आणि वेदना कमी करणारं औषध सगळ्यात उपयोगी. जवळच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेतलं की बऱ्याच जणांना अर्ध्या-पाऊण तासात उतार पडतो. ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) आधीच वाढलेलं आहे, पोटात अल्सर आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी ते आधी सांगायचं. त्यांना दुसरं औषध द्यावं लागतं. मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून चार दिवस स्वतःच्या मनाने खात राहणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. अडकलेल्या किडनीवर त्या गोळ्यांचा ताण पडतो.

कळ चालू असताना तांब्या-तांब्याने पाणी पिऊन "खडा ढकलायचा" प्रयत्न करू नका. वाट बंद असताना जास्त लघवी तयार झाली की मागे दाब वाढतो आणि कळही वाढते. तहान लागेल तेवढं प्यावं. गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्यायला हरकत नाही.

आता ज्यासाठी रात्रीच निघायचं ते. कळीसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली, उलट्या इतक्या की पाणीही टिकत नाही, माणसाला एकच किडनी आहे, किंवा बाई गरोदर आहे: यातलं काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ मोठं रुग्णालय गाठा. यात ताप सगळ्यात वाईट. खड्याच्या मागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की काही तासांत ते रक्तात पसरू शकतात, आणि मधुमेह्यांत तर फारच वेगाने. पावसाळ्यात घाटात दरड आली की रस्ता बंद होतो, हे लक्षात ठेवून ताप असलेल्या रुग्णाला संध्याकाळीच हलवलेलं बरं.

अशा रुग्णात डॉक्टर त्या वेळी खडा काढत नाहीत, आणि घरच्यांनी तसा आग्रहही धरू नये. आधी तुंबलेली लघवी वाहती करतात, मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, आतून स्टेंट (बारीक मऊ नळी) घालून किंवा पाठीतून किडनीत नळी बसवून. जंतुसंसर्ग आटोक्यात आल्यावर, सहसा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, खड्याकडे वळतात. पेटलेल्या संसर्गात खड्याशी झटापट केली तर जीवावर बेतू शकतं.

कुठली तपासणी, आणि रिपोर्टात काय वाचायचं

कळ शांत झाली, ताप नाही, तर एक-दोन दिवसांत तपासण्या करून घ्या. लघवीची साधी तपासणी, गरज वाटली तर कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी), रक्तातलं क्रिएटिनिन आणि पांढऱ्या पेशींचा आकडा. एवढं तालुक्याच्या गावी होतं.

सोनोग्राफी स्वस्त, सुरक्षित आणि जवळ मिळणारी. किडनीतला खडा आणि किडनीला आलेली सूज तिच्यात दिसते. मूत्रवाहिनीचा मधला भाग मात्र आतड्यांतल्या हवेमुळे झाकला जातो, त्यामुळे नेमका अडकलेला खडाच कधी कधी दिसत नाही. आकारही थोडा मोठा दाखवला जातो. दोन-तीन मिलिमीटरचे "बारीक खडे" दोन्ही किडन्यांत लिहून आले म्हणून घाबरणारे लोक मी रोज बघतो. त्यातले बरेचसे पुढच्या सोनोग्राफीत नसतातही.

ऑपरेशनचा विचार असेल, किंवा निदान पक्कं होत नसेल, तर कॉन्ट्रास्ट न देता केलेला सीटी स्कॅन ही सर्वांत खात्रीची तपासणी. यात शिरेतून औषध सोडावं लागत नाही आणि काम काही मिनिटांत होतं. साध्या एक्स-रेत कॅल्शियमचे खडे दिसतात, यूरिक ॲसिडचे दिसत नाहीत. सीटीत दोन्ही दिसतात. गरोदर स्त्रीला सीटी टाळतात, तिथे सोनोग्राफीवरच काम चालवतात.

रिपोर्ट हातात आला की त्यातल्या या गोष्टी पेनाने खूण करा: मिलिमीटरमधला आकार, जागा, म्हणजे किडनीचा वरचा, मधला की खालचा कप्पा, की मूत्रवाहिनीचा वरचा, मधला की खालचा भाग, किडनीला सूज आहे का आणि किती, दुसरी किडनी ठीक आहे का, आणि सीटी असेल तर एचयू हा आकडा. हा आकडा खड्याची घनता सांगतो. यूरिक ॲसिडचे खडे बहुधा ५०० च्या खाली असतात, हजाराच्या वर गेला तर खडा चांगलाच कठीण. पुढचे सगळे निर्णय याच ओळींवर होतात. स्कॅनची सीडीही मागून घ्या. नुसता कागद घेऊन मुंबईला गेलात तर तिथे पुन्हा स्कॅन करायला सांगण्याची शक्यता मोठी.

थांबण्यासारखा खडा

पाच मिलिमीटरपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे दहातल्या सहा-सात जणांत आपणहून पडतात. पाच ते दहाच्या दरम्यान हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. खडा जितका खाली, मूत्राशयाजवळ, तितकी पडण्याची आशा जास्त. दहाच्या वरचा क्वचितच पडतो.

थांबायचं ठरलं तर टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिनसारखी मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करणारी गोळी देतात. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकातल्या, पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यात तिचा फायदा जास्त. उभं राहताना चक्कर येऊ शकते म्हणून ती रात्री घ्यायची. पुरुषांत वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जाऊ शकतं. गोळी थांबली की ते पूर्ववत होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

रोज लघवी एखाद्या जुन्या गाळणीतून किंवा मलमलच्या फडक्यातून गाळा. खडा सापडला तर धुऊन, कोरडा करून डबीत ठेवा आणि प्रयोगशाळेत पृथक्करणाला द्या. पुढे काय खायचं, कोणती गोळी घ्यायची, हे त्या कणावरून ठरतं. दहा माणसांतले नऊ तो टाकून देतात किंवा देव्हाऱ्याशेजारी पुडीत बांधून ठेवतात.

थांबायची मुदत चार आठवडे, फार तर सहा. त्यानंतर खडा जागचा हलला नसेल तर काढावाच. आणि इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. कळ थांबली याचा अर्थ खडा पडला असा नाही. पूर्ण अडकलेला खडा काही दिवसांनी दुखायचा थांबतो. किडनी आतून सुजत राहते, आणि माणूस "बरं वाटतंय" म्हणत कामाला लागतो. वर्षभराने दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी होते, तेव्हा ती किडनी निकामी झालेली असते. खडा डोळ्यांनी पाहिला नसेल तर चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी, गरज पडल्यास सीटी. दुखत नसलं तरी.

मच्छीमार भावांसाठी वेगळं. मूत्रवाहिनीत खडा आहे हे माहीत असताना ट्रॉलरवर आठ-दहा दिवसांच्या फेरीला जाऊ नका. समुद्रात ताप भरला तर किनारा गाठेपर्यंत वेळ हातातून जातो. एखादी फेरी चुकली तर चुकू दे. हाच नियम गणपतीला किंवा शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना उलट बाजूने लागू: मुंबईत खडा कळला असेल तर त्याचं काय ते तिथे ठरवून मग गाडीत बसा.

कुळीथ, पानफुटी आणि बाकीचं

कुळथाचं कढण, पानफुटीची पानं, गोखरूचा काढा, बिअर. या चारांपैकी एक तरी सल्ला वाडीतल्या कुणीतरी दिलेलाच असतो. कुळथाची पिठी आणि सार हे आपलं रोजचं अन्न, ते बिनधास्त खा. पण "कुळथाने माझा खडा पडला" असं सांगणाऱ्याचा खडा बहुधा चार मिलिमीटरचा असतो, जो तसाही पडला असता. पंधरा मिलिमीटरचा खडा कुळथाने जाईल या आशेवर सहा महिने घालवू नका. आयुर्वेदिक औषध घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि घेताना क्रिएटिनिन तपासत राहा. बिअरने लघवी वाढते हे खरं, पण तिच्यामुळे यूरिक ॲसिडही वाढतं आणि नंतर शरीर कोरडं पडतं. औषध म्हणून ती पिण्याचं काही कारण नाही.

औषधाने खरोखर विरघळतो तो यूरिक ॲसिडचा खडा. पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा सामू (पीएच) साडेसहा ते सातच्या दरम्यान ठेवला तर तो काही आठवड्यांत वितळू लागतो, कधी पूर्ण नाहीसा होतो. लघवीत बुडवायची कागदी पट्टी घेऊन सामू घरीच बघता येतो. ज्यांच्या किडन्या कमजोर आहेत त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो, म्हणून हे औषध देखरेखीखालीच. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, जो सर्वांत जास्त आढळतो, तो कुठल्याही गोळीने विरघळत नाही. औषधाच्या दुकानातली रंगीत बाटली काहीही म्हणो.

बाहेरून फोडणं

शरीराला न कापता, बाहेरून ध्वनिलहरींचे झटके देऊन खडा फोडायचा ही पद्धत १९८० साली जर्मनीत म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरली गेली. रुग्ण टेबलावर झोपतो, एक्स-रे किंवा सोनोग्राफीने खड्यावर नेम धरतात आणि साधारण तासाभरात दोन-तीन हजार झटके दिले जातात. खड्याचा भुगा होतो आणि तो लघवीवाटे पडतो. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात.

चिरेखाणीवरच्या माणसाला हे लगेच कळेल: जांभा यंत्राला बधतो, काळा कातळ नाही. एचयू हजाराच्या खाली असेल, खडा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असेल, माणूस फार जाड नसेल, तर ही पद्धत चांगली लागू पडते. लहान मुलांत तर विशेष. खडा कठीण असेल तर नीट फुटत नाही, आणि किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर फुटला तरी तुकडे सहसा वर चढून बाहेर पडत नाहीत. गरोदरपणात, रक्त पातळ करणारं औषध चालू असताना, लघवीत संसर्ग असताना किंवा खड्याच्या खाली वाट अरुंद असताना हे करत नाहीत.

आता अंतराचा हिशेब. एका बैठकीत काम झालंच तर उत्तम, पण बऱ्याचदा दोन, कधी तीन बैठका लागतात. मधल्या काळात तुकडे उतरताना कळ येते, आणि कधी ते मूत्रवाहिनीत एकामागोमाग एक रांग लावून वाट बंद करतात. मग दुर्बिणीने तेच काढावे लागतात. म्हणून कोल्हापूर किंवा मुंबई लांब असलेल्या माणसाला, सेंटीमीटरच्या वरच्या कठीण खड्यासाठी, मी शक्यतो पुढची पद्धत सुचवतो. खर्च एका वेळी जास्त दिसतो. तीन वेळा एस.टी.चं भाडं, सोबत येणाऱ्याचा रोज आणि लॉजची रात्र धरली तर फरक फारसा उरत नाही.

दुर्बीण आणि लेझर

यात लघवीच्या नैसर्गिक वाटेने बारीक दुर्बीण आत नेतात. कुठेही चीर पडत नाही. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी सरळ, थोडी ताठ दुर्बीण. किडनीतल्या खड्यासाठी वाकणारी, लवचीक दुर्बीण. तिला डॉक्टर आरआयआरएस म्हणतात आणि जाहिरातीत "लेझर ऑपरेशन" लिहिलेलं असतं. लेझरच्या बारीक तारेने खड्याची पूड करतात किंवा तुकडे करून जाळीच्या टोपलीने बाहेर काढतात. भूल लागते, मणक्यातली किंवा पूर्ण. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात.

मूत्रवाहिनीतल्या, न पडणाऱ्या खड्यासाठी ही पद्धत सर्वांत भरवशाची, एका बैठकीत सुटका होण्याची शक्यता मोठी. किडनीत दोन सेंटीमीटरपर्यंतच्या खड्याला लवचीक दुर्बीण चालते. कधी कधी मूत्रवाहिनी इतकी अरुंद असते की दुर्बीण आत जातच नाही. तेव्हा डॉक्टर जबरदस्ती करत नाहीत. स्टेंट घालून परत पाठवतात आणि दोन-तीन आठवड्यांनी, वाट रुंदावल्यावर, पुन्हा बोलावतात. हे डॉक्टरचं अपयश नाही. जोर लावला तर मूत्रवाहिनी फाटू शकते. पण ही शक्यता आधीच विचारून ठेवा, म्हणजे दुसऱ्या फेरीची तयारी आणि पैसे हाताशी राहतात.

ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर स्वच्छ हवं, नसेल तर प्रतिजैविकांचा कोर्स आधी पूर्ण करायचा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन चालू असेल तर ते कधी थांबवायचं हे युरोलॉजिस्ट आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर गोळी परस्पर थांबवणं फार महागात पडतं.

पाठीतून

दोन सेंटीमीटरच्या वरचा खडा, किंवा किडनीच्या सगळ्या कप्प्यांत फांद्यांसारखा पसरलेला मोठा खडा, याला पीसीएनएल. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये ही पद्धत सुरू झाली आणि तिने मोठी चीर देऊन करायची ऑपरेशनं जवळजवळ संपवली. पाठीत साधारण सेंटीमीटरभर, छोट्या प्रकारात त्याहूनही लहान, छिद्र पाडून एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या मदतीने थेट किडनीत वाट करतात, खडा आत फोडून त्याच वाटेने बाहेर काढतात. दोन ते चार दिवस राहावं लागतं, काहींना पाठीत नळी ठेवतात. रक्तस्राव हा यातला मुख्य धोका, क्वचित रक्त द्यावं लागतं. किडनीच्या वरच्या भागात शिरावं लागलं तर फुफ्फुसाच्या आवरणाला धक्का लागू शकतो. जड खड्यांत एका बैठकीत सर्वाधिक खडा साफ करणारी पद्धत हीच, त्यामुळे लांबून येणाऱ्याला ती हिशेबात बसते.

घरी आल्यावर दहा-पंधरा दिवसांत अचानक लघवीत गुठळ्यांसह भरपूर रक्त आलं तर लगेच परत जायचं. अशा वेळी रक्तवाहिनी बंद करणारी वेगळी प्रक्रिया लागू शकते, आणि ती सगळीकडे होत नाही. म्हणून ऑपरेशन ज्या शहरात झालं तिथल्या रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. हलका रक्ताचा रंग, विशेषतः स्टेंट असताना चालल्यावर, हे मात्र नेहमीचं.

उघडं किंवा लॅपरोस्कोपिक ऑपरेशन आता क्वचितच, शरीररचना वेगळी असेल किंवा बाकी सगळं फसलं असेल तरच.

स्टेंट: आत राहिलेली नळी

दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांच्या मूत्रवाहिनीत दोन्ही टोकांना वळलेली मऊ नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत वाट उघडी राहावी म्हणून. ती असताना वारंवार लघवी लागते, लघवी संपताना कमरेत कळ उठते, थोडं रक्त जातं. त्रास कमी करायला टॅमसुलोसिनच उपयोगी पडतं.

ही नळी एक ते चार आठवड्यांनी काढायची असते, काही कारणाने जास्त ठेवली तरी काही महिन्यांचीच मर्यादा असते. आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. खडा गेला, दुखणं गेलं, घाट उतरून माणूस घरी आला, भातलावणी सुरू झाली, आंब्याचा हंगाम आला, आणि नळी आतच राहिली. दोन-तीन वर्षांनी तिच्यावरच खड्यांचा थर चढतो, काढताना तुटते, आणि मग एका छोट्या कामासाठी दोन-तीन मोठी ऑपरेशनं लागतात. स्टेंट आहे की नाही हे डिस्चार्जच्या कागदावर वाचा, नसेल लिहिलं तर विचारा. काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगा. काढणं सोपं असतं, बहुधा सुन्न करणारी जेली लावून काही मिनिटांत होतं. जवळच्या शहरात युरोलॉजिस्ट ठरावीक वारी येत असतील तर ऑपरेशन करणाऱ्यालाच विचारा, "स्टेंट तिथे काढून घेतला तर चालेल का?" बरेचदा चालतं, आणि एक मुंबईची फेरी वाचते.

कुठे जायचं, पैशांचं काय

ओरोस आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अलिबागलाही आहे. तिथे किंवा जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून विचारा: युरोलॉजिस्ट कोणत्या वारी असतात, दुर्बीण आणि लेझर आहे का. नुसतं "मुतखड्याचं ऑपरेशन होतं का" असं विचारलं तर "हो" मिळतं आणि पोचल्यावर पुढच्या गावी पाठवतात. बाकी केईएम, सायन, जेजे ही मुंबईतली सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं, कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या बऱ्याच प्रक्रिया बसतात, पण योजनेत असलेल्या रुग्णालयातच, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून मंजुरी घेतल्यावर. रेशनकार्ड आणि आधार मूळ घेऊन जा, कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं ना हे घरीच पाहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम इथेच अडतं. बांबोळीला जाणार असाल तर महाराष्ट्राची योजना तिथे लागू होते का, हे निघण्याआधी विचारा. खासगी रुग्णालयात खर्चाचा अंदाज मागताना लेझर, स्टेंट, स्टेंट काढणं आणि भूल हे सगळं आकड्यात धरलंय का, हे लिहून घ्या. स्टेंट काढण्याचा खर्च बहुधा वेगळा निघतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा खडा झालेल्यांतल्या साधारण निम्म्या लोकांना दहा वर्षांत पुन्हा होतो. कोकणात याचं मोठं कारण घाम. एप्रिल-मेचा उकाडा आणि ऑक्टोबर हीट यांत शरीरातलं पाणी कातडीतून जातं, लघवी घट्ट होते. आंबा काढणारे, चिरेखाणीवरचे कामगार, होडीवरचे खलाशी यांच्यात हे नेहमीचं. बायकांचं कारण वेगळं: एस.टी. स्टँडवरच्या संडासांची अवस्था बघून त्या प्रवासात पाणीच पीत नाहीत. त्यांना "पाणी प्या" सांगून उपयोग नाही, स्वच्छतागृहं सुधारली पाहिजेत.

नियम पाण्याच्या ग्लासांचा नाही, लघवीचा आहे. चोवीस तासांत अडीच लिटर लघवी व्हायला हवी. सुट्टीच्या एका दिवशी मापाच्या बाटलीत धरून मोजा. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार लिटरच्या पुढेही प्यावं लागतं. रात्री झोपताना एक भांडं पाणी आवश्यक. लिंबूपाणी चांगलं, लिंबातल्या सायट्रेटमुळे. शहाळंही चालतं, किडनी कमजोर असलेल्यांना सोडून. आमसुलाचं पाणी प्या, पण साखरेचं सरबत दिवसातून चार वेळा नको, आणि आगळाची सोलकढी करत असाल तर आगळात किती मीठ असतं ते आठवा.

मीठ ही आपल्या आहारातली मोठी खोड. मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. सुकट, सोडे, खारवलेले बांगडे, पापड, खारातली कैरी, लोणचं: दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायचं तर यातलं एक वेळी एकच. यूरिक ॲसिडचा खडा असेल तर तारली आणि बांगड्याचं प्रमाण कमी करा, मासे बंद करायची गरज नाही.

दूध-दही बंद करू नका. हा गैरसमज घरोघरी आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे जातं. दूध बंद केलं की ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत येतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असलेल्यांनी पालक, राजगिऱ्याची भाजी, बीट, काजू, शेंगदाणे आणि कडक चहा यांवर हात आखडता घ्यावा. अळूच्या फदफद्यात तर पानंही ऑक्झलेटची आणि वर शेंगदाणे-काजूही, म्हणून ते क्वचित आणि सोबत ताकाचा पेला. टोमॅटोच्या बियांनी खडा होतो हे मात्र सोडून द्या. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या रोज घेत असाल तर थांबवा.

ज्यांना वारंवार खडे होतात, दोन्ही बाजूंना होतात किंवा विशीच्या आत पहिला झाला, त्यांनी खडे काढत बसण्याआधी कारण शोधावं. रक्तातलं कॅल्शियम, यूरिक ॲसिड, गरज पडल्यास गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथीचं संप्रेरक, आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी. पॅराथायरॉईडची गाठ असेल तर ती काढल्यावर खडे थांबू शकतात. कॅल्शियमची तपासणी एवढ्याशा रक्तावर, तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते. किडनीत न दुखणारे चार-पाच मिलिमीटरचे खडे राहिले असतील तर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी एक सोनोग्राफी, शक्यतो त्याच ठिकाणी, म्हणजे जुना आकडा समोर ठेवून तुलना करता येते.